पापलेट लहान का झाला? समुद्रातल्या मासळीचा हिशेब, नागपूरकरांसाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंब्याच्या रांगेत पापलेट जाऊन बसला. त्यामागे कौतुकापेक्षा काळजी जास्त होती. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी बंदर पापलेटसाठीच ओळखलं जातं आणि तिथल्या मच्छीमारांची तक्रार बरीच जुनी आहे: मासा कमी मिळतो, आणि मिळतो तो लहान मिळतो.

या तक्रारीतला दुसरा भाग मला जास्त गंभीर वाटतो. मासे कमी मिळण्याची कारणं डझनभर असू शकतात, त्यातली काही तात्पुरतीही असतात. पण वर्षामागून वर्षं लहानच मासा हाती येऊ लागला, तर त्याचा सहसा एकच अर्थ असतो. मोठं होण्याआधीच, म्हणजे एकदाही अंडी घालण्याआधीच, तो पकडला जातो आहे.

नागपूरला यात काय, असं कुणी विचारेल. विदर्भाच्या आठवडी बाजारांत सुके बोंबील आणि सुकट पिढ्यान्‌पिढ्या विकले जात आले आहेत. ताजी मासळी पूर्वी क्वचित यायची. आता बर्फाच्या पेट्यांतून ती भोईपुऱ्यात, मंगळवारी बाजारात नेमाने येते, आणि ती एकट्या मुंबईकडूनच येते असं नाही, आंध्रच्या किनाऱ्यावरूनही येते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर नागपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागरच जवळ पडतो. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आहे, तेव्हा कोकणची मासळी इथे पोहोचणं आणखी सोपं होणार. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर जे घडतं त्यात आपण गिऱ्हाईक म्हणून आहोतच. शिवाय आपल्या सांडपाण्याचाही एक धागा तिथवर जातो. त्याकडे पुढे येतो.

मासळी घटली, हे ओळखायचं कसं

समुद्रातले मासे कुणी मोजू शकत नाही. मोजता येते ती बंदरावर उतरलेली मासळी. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, जी १९४७ मध्ये स्थापन झाली, देशभरातल्या बंदरांवर ठरावीक पद्धतीने नमुने घेऊन दरवर्षी अंदाज काढते. वर्तमानपत्रांत येणारे आकडे बहुतेक तिचेच असतात.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षी हाच आकडा २.९५ लाख टन होता. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक, अशा बातम्या आल्या. पण त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, क्यार, महा अशी वादळं ओळीने आली होती. ऐन हंगामात बोटी बंदरातच अडकल्या. बोट बाहेरच पडली नाही तर मासा उतरणार कुठून? त्या वर्षीच्या घसरणीचा किती भाग वादळांचा आणि किती भाग खरोखर मासे घटल्याचा, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही.

उलटंही होतं, आणि ते जास्त घातक असतं. मासे घटत असतात, तरी बंदरावरचा ढीग तेवढाच दिसतो. कारण बोटी वाढलेल्या असतात, इंजिनं दमदार झालेली असतात, मासळीचा थवा शोधणारं यंत्र आणि जीपीएस आलेलं असतं. आधी एका दिवसात परतणारी बोट आता आठ-दहा दिवस समुद्रात राहते. म्हणून जाणकार एकूण टनांपेक्षा दुसरी गोष्ट बघतात: एका बोटीला एका तासाच्या मासेमारीत किती मिळालं. हा आकडा उतरत गेला, आणि त्यासोबत माशाची सरासरी लांबीही उतरत गेली, की समजावं पाणी डोक्यावर आलं आहे.

सगळीकडे सर्वनाश झाला आहे, असंही चित्र नाही. याच संस्थेने २०२२ मध्ये देशाच्या किनाऱ्यावरचे १३५ मत्स्यसाठे, म्हणजे एकेका भागातले एकेका जातीचे मासे, तपासले तेव्हा ९१.१ टक्के साठे निरोगी असल्याचं आढळलं. हा आकडा दिलासा देणारा आहे आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. पण साठा निरोगी आहे म्हणजे प्रत्येक गावाच्या समोरचा समुद्र भरलेला आहे असं होत नाही. पापलेट, घोळ, रावस, दाढा, वाम अशी मोठी आणि महाग मासळी जिथून कमी झाली, तिथल्या लहान होडीवाल्याला देशाच्या सरासरीने काही मिळत नाही. देशात पकडलेली सागरी मासळी २०१२ मध्ये सुमारे ३९.४ लाख टनांवर गेली होती. २०२३ मध्ये ती ३५.३ लाख टन होती. यंत्रं इतकी सुधारूनही आकडा वर सरकलेला नाही, एवढं तरी यातून दिसतं.

अंडी घालण्याआधीच

आता मूळ मुद्दा. मासेमारी केली की समुद्रातले मासे कमी होणारच, आणि त्यात चूक काही नाही. जिथे कुणीच मासे पकडत नाही तिथे गर्दी असते. अन्न आणि जागा कमी पडते, पिल्लं कमी जगतात, वाढ मंदावते. काही मासे काढले की उरलेल्यांना मोकळीक मिळते आणि वाढ जोर धरते. पण फारच काढले तर अंडी घालायला मासेच उरत नाहीत आणि वाढ पुन्हा मंदावते. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, ढोबळ हिशेबाने मूळ साठ्याच्या निम्म्याच्या आसपास, वाढ सर्वांत जास्त असते. दरवर्षी होणाऱ्या वाढीइतकंच काढत राहिलं तर ते कायम मिळत राहतं. मत्स्यव्यवस्थापनाचं सगळं शास्त्र या साध्या कल्पनेभोवती उभं आहे.

गोची अशी की किती काढलं एवढंच महत्त्वाचं नसतं. कोणतं काढलं हेही तितकंच महत्त्वाचं. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळायला काढत नाही. समुद्रात मात्र ते रोज दळलं जातं. पापलेटचं पिल्लू पाच-सहा महिने आणखी पाण्यात राहिलं असतं तर वजनाने कितीतरी पट झालं असतं आणि पुढच्या पिढीची अंडी घालून गेलं असतं. ते आधीच जाळ्यात आलं, की नुकसान दोनदा होतं. एकदा आजच्या वजनात, आणि दुसऱ्यांदा पुढच्या हंगामात.

माशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी कोंबडी-बकरीच्या सवयीमुळे आपल्या लक्षात येत नाही. मोठी मादी लहान मादीपेक्षा नुसती थोडी जास्त अंडी घालत नाही, वजनाच्या मानाने बघितलं तरी तिची अंडी कितीतरी जास्त असतात. दोन किलोची एक मादी एक-एक किलोच्या दोन माद्यांहून अधिक अंडी देऊ शकते, आणि अनेक जातींत त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं अधिक दमदार असतात. म्हणून समुद्रातल्या जुन्या, मोठ्या माद्या या खऱ्या अर्थाने संपत्ती असतात. बाजारात नेमका त्यांनाच सर्वांत जास्त भाव आहे. घोळ माशाचं उदाहरण घ्या. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, जिला कोळी बोत म्हणतात, परदेशात सोन्यासारखी किंमत येते. एवढी किंमत असल्यावर तो मासा मोठा होईपर्यंत कोण थांबणार?

मुशी, म्हणजे लहान शार्क, आणि तिच्या भाईबंदांची गत याहून वाईट. बांगडा लाखो अंडी सोडतो, त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं तरी पुढच्या वर्षी भरून निघतं. मुशीला एका वेळी मोजकीच पिल्लं होतात आणि ती वयात यायला वर्षं लागतात. ज्या वेगाने बांगडा पकडता येतो त्या वेगाने मुशी पकडली तर ती उरत नाही.

लहान मासा पकडला जातो तो जाळ्यामुळे. ट्रॉल हे पिशवीसारखं जाळं तळाशी ओढत नेलं जातं. भारतात ट्रॉलर आले ते १९५० नंतरच्या यांत्रिकीकरणाच्या लाटेत, आणि कोळंबीच्या निर्यातीने त्यांना बळ दिलं. कोळंबी लहान, म्हणून जाळ्याची आस, म्हणजे दोऱ्यांमधलं भोक, तीही लहान. मग कोळंबीबरोबर जे काही तळाशी असेल ते सगळं येतं: बोटभर ढोमे, पापलेटची पिल्लं, खेकडे, समुद्री साप. ज्याला भाव नाही ते फिशमीलच्या कारखान्यात जातं, त्याची पूड होते आणि ती कोंबड्यांना व कोळंबी-शेतीत खाद्य म्हणून घातली जाते. उद्याचा हजार रुपयांचा मासा आज काही रुपयांचं खाद्य होतो. या सगळ्या प्रश्नातलं मला सर्वांत टोचणारं वास्तव हेच आहे.

पर्ससीनची पद्धत वेगळी. पृष्ठभागाजवळ फिरणारा तारलीचा, बांगड्याचा अख्खा थवाच जाळ्याने वेढायचा आणि तळाची दोरी ओढून जाळ्याचं तोंड बंद करायचं. त्यात रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावले की दूरदूरचे मासे उजेडाकडे येतात आणि एका खेपेत साफ होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पर्ससीनवाले आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारे, छोट्या होड्यांचे पारंपरिक मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षं जो संघर्ष चालू आहे त्याचं मूळ हे आहे.

पण यंत्रवाल्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा. बोटीवर कर्ज आहे, डिझेलचा खर्च आहे, तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आणि खलाशांचा पगार आहे. आज त्याने लहान मासा पाण्यात सोडला, तर उद्या तो मोठा होऊन त्यालाच मिळेल याची काय खात्री? शेजारची बोट तासाभरात तो उचलेल. शेताला बांध असतो, समुद्राला नाही. जो थांबतो तो गमावतो, अशी रचना असेल तर शहाणा माणूसही थांबत नाही. त्यात सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. तो छोट्या मच्छीमाराला जगवतो हे खरं, पण ज्या खेपा एरवी परवडल्या नसत्या त्याही त्यामुळे परवडू लागतात.

ही शर्यत शेवटी कुठे जाते, हे कॅनडाने दाखवलं. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात शतकानुशतकं कॉड मासा मुबलक होता. १९६८ मध्ये तिथून सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. मग साठा खालावत गेला, तरी उरलेले मासे एकत्र गोळा होत राहिल्याने मोठ्या ट्रॉलरांना मासळी मिळतच राहिली, आणि धोका वेळेत कुणाला मान्य झाला नाही. जुलै १९९२ मध्ये सरकारने बंदी घातली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार एका झटक्यात गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली होती. ती उठली २०२४ मध्ये.

नाग नदीपासून गोदावरीच्या मुखापर्यंत

सगळा दोष जाळ्यांचा नाही. किनाऱ्याच्या बहुतेक मासळीचं बालपण खाडीत, खारफुटीच्या मुळांत, नदीच्या मुखाजवळच्या गढूळ पाण्यात जातं. तिथे मोठे शिकारी मासे कमी आणि अन्न भरपूर. भराव टाकून खारफुटी बुजवली की जाळं न टाकताही मासे मरतात; फक्त ते मरताना कुणाला दिसत नाहीत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं. दुसऱ्या बाजूने शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी खाड्यांत येतच आहे, आणि डहाणूजवळ वाढवण बंदराचं काम सुरू झालं आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध केवळ जमिनीसाठी नाही; त्यांच्या रोजच्या मासेमारीचा आणि मासळीच्या प्रजननाचा समुद्र तोच आहे.

आता आपल्या सांडपाण्याचा तो धागा. नाग नदी शहरातून गटार होऊन बाहेर पडते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. नागपूरची घाण आधी गोसेखुर्दच्या जलाशयात साचते. तिथल्या ढिवर मच्छीमारांना तिचा त्रास पहिल्यांदा होतो, समुद्राला नंतर. पण नदीचा समुद्राशी संबंध घाणीपुरता नसतो. पुराचं गोडं पाणी आणि गाळ यांतून समुद्राला खत मिळतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर मासे. धरणांनी पाणी आणि गाळ अडवला की मुखाजवळचा समुद्र तेवढा उपाशी राहतो.

हिलसा माशाची कथा तर सरळ बांधाचीच आहे. नागपुरातल्या बंगाली घरांत ज्याला इलिश म्हणतात आणि गोदावरीकाठी जो पुलसा म्हणून हजारो रुपयांना विकला जातो, तो मासा समुद्रात वाढतो पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीत वर चढतो. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनने गोदावरीवर धवलेश्वरमला १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला. त्याने डेल्टा हिरवागार झाला आणि हिलशाची वाट बंद झाली. गंगेवर हेच फराक्का बंधाऱ्याने १९७५ मध्ये केलं. तिथे मासेमारीवर कितीही निर्बंध घातले तरी बंधाऱ्याच्या वरचं पात्र हिलशाला परत मिळत नाही.

आणि मग तापणारा समुद्र. अरबी समुद्राचं पाणी गरम होत आहे, वादळं वाढली आहेत. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते कोकण विसरलेलं नाही. तारलीसारखा मासा तापमान, पाऊस आणि तरंगत्या सूक्ष्म अन्नाच्या तालावर जगतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. पुढच्या वर्षांत ती पुन्हा वाढली. एवढे चढउतार केवळ मासेमारीने होत नाहीत. पण समुद्र स्वतःच वाईट वर्ष दाखवत असताना आपण पिल्लंही काढून घेतली, तर सावरायला लागणारा काळ लांबतो. हवामान आपल्या एकट्याच्या हातात नाही, जाळ्याची आस आहे.

उपाय: माहीत असलेले आणि न पाळलेले

सर्वांत जुना उपाय म्हणजे थांबणं. कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पाण्यात घालत आला. आता त्याला कायद्याचं रूप आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, असे ६१-६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. अनेक जातींचा अंडी घालण्याचा काळ यात येतो. पण बंदीत घर कसं चालायचं? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारने ३,००० घालायचे, आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये द्यायचे. महिन्याला दीड हजार. त्यातला एक हिस्सा त्याचाच. या रकमेत कुणाचंही घर चालत नाही. बंदी पाळावी असं मनापासून वाटत असेल तर ही मदत वाढवण्याशिवाय पर्याय नाही, असं माझं मत आहे.

दुसरा उपाय जाळ्याचा. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस हवी, असं शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. चौकोनीच का? नेहमीचं जाळं शंकरपाळ्यासारख्या आकाराचं असतं. ओढ बसली की ती भोकं मिटतात आणि पिल्लांना निसटायला जागा राहत नाही. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते. खर्च थोडा, परिणाम मोठा. पर्ससीनला राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला, आणि एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली.

तिसरा उपाय मापाचा. केरळने २०१५ मध्ये माशांचं किमान कायदेशीर माप ठरवायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची मापं ठरवली: सिल्व्हर पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. याहून लहान मासा पकडणं नियमबाह्य. ही मापं तळाची आहेत, त्याहून मोठा मासा घेतलेला केव्हाही चांगला. उपाय चालतो याचा पुरावाही आहे. केरळात राणी माशाचं माप ठरल्यानंतर त्याचं उत्पादन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढल्याचं कोचीच्या संस्थेच्या अभ्यासात दिसलं.

कागदावर हे सगळं आहे. अडचण राबवण्यात आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याचा, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. नियम मोडणारी बोट ही रेघ ओलांडली की कारवाई कुणी करायची हा वाद उभा राहतो. शेजारच्या राज्याच्या बोटीही येतात. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये तो सुधारून दंड लाखांच्या घरात नेले, आणि जानेवारी २०२५ पासून ड्रोनने पाहणी सुरू झाली. ड्रोनला बोट दिसते, पण पिशवीची आस नाही मोजता येत. ती बंदरावर उतरून, हातात पट्टी घेऊनच मोजावी लागते.

म्हणून माझा जास्त विश्वास आहे तो मच्छीमारांनी स्वतः मान्य केलेल्या नियमांवर. केरळच्या अष्टमुडी सरोवरात शिंपल्या बेसुमार काढल्या गेल्या आणि १९९० नंतर उत्पादन कोसळलं. मग मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि प्रशासन यांनी मिळून ठरवलं: डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याची आस किमान ३० मिलिमीटर, आणि निर्यातीत किलोला १,४०० हून जास्त नग बसतील इतक्या लहान शिंपल्या घ्यायच्या नाहीत. शेवटची अट खरेदीदारावर होती, हे विशेष. लहान माल विकलाच जाणार नसेल तर काढायचा कशाला? २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. याच्या उलट मालवणचं सागरी अभयारण्य. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र घोषित झालं, पण स्थानिकांना विश्वासात न घेतल्याची भावना राहिली आणि विरोध कायम राहिला.

आपल्याकडे याचा दाखला भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले आणि अनेक ठिकाणी गाळ व बेशरमाने भरले. बाहेरून आणलेल्या रोहू-कतल्याच्या बीजामागे स्थानिक मासे मागे पडले. काही गावांत ढिवरांनी बेशरम काढली, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, अंडी घालण्याच्या काळात मासेमारी थांबवली, आणि देशी मासे परतले. तलावाला काठ आहे, संस्था ठरलेली आहे, म्हणून तिथे हे सोपं. समुद्राला काठ एकाच बाजूला, तरी उत्तर कोकणात एका जागी रोवून ठेवायच्या डोल जाळ्यांसाठी कुणाची कव, म्हणजे जाळं लावायची जागा, कुठे, याची वाटणी कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यावरून भांडणं होतात, पण वाटणी आहे म्हणूनच भांडण आहे. अशी सामायिक साधनं लोक आपसांत नियम करून टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सर्वांत अवघड उपायाला अजून कुणी नीट हात घातलेला नाही: बोटींची संख्या. आस मोठी केली, हंगाम कमी केला, तरी बोटी आणि इंजिनांची ताकद वाढतच राहिली तर उरलेल्या दिवसांत तेवढाच उपसा होतो. नवे परवाने थांबवणं, जुन्या ट्रॉलर मालकांना पैसे देऊन बोट मोडीत काढायला लावणं, खलाशांना दुसरं काम मिळवून देणं, हे खर्चाचं आणि मतांच्या दृष्टीने गैरसोयीचं काम आहे.

नागपुरात बसून काय करता येईल? पापलेट घेताना माप बघता येईल. साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या वितीहून बरंच कमी. त्याहून लहान मासा दिसला तर तो घेऊ नये, आणि का घेत नाही हे विक्रेत्याला नीट सांगावं. तो ठोक व्यापाऱ्याला सांगेल. १ ते १४ जून या काळात दोन्ही किनारे बंद असतात. तेव्हा 'आजची ताजी' सुरमई कुठली, हे विचारावं. साठवणीतली असू शकते, छोट्या बिनयांत्रिक होडीची असू शकते; उत्तर मिळायला हवं. त्या दिवसांत आपल्या तलावांची मासळी आहेच.

आणखी एक जागा आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय २००० पासून नागपुरात आहे, आणि डिसेंबरात इथेच हिवाळी अधिवेशन भरतं, ऐन पर्ससीनचा हंगाम संपत असताना. किनाऱ्याचे आमदार मासेमारीचे प्रश्न याच विधानभवनात मांडतात. त्यांच्या जोडीने विदर्भाच्या आमदारांनीही तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षभरात किती बोटींच्या जाळ्यांची आस बंदरावर प्रत्यक्ष मोजली, किमान मापाहून लहान मासळीसाठी किती जणांवर कारवाई झाली, आणि नाग नदीचं किती पाणी शुद्ध होऊन कन्हानला मिळतं.